क्लाउड खात्यात परका वावर कसा ओळखायचा: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या छोट्या ऑफिसांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ईआरपी (स्टोअर, उत्पादन, हिशोबाचं सॉफ्टवेअर), निपाणीच्या व्यापाऱ्याचा मेल, खानापुरातल्या पतसंस्थेचा बॅकअप, वडगावच्या साडी विक्रेत्याची वेबसाइट. यातलं बरंचसं आता मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरांवर चालतं. ते सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच, आणि प्रिंटर, सीसीटीव्ही, जीएसटीचं पोर्टल हेही त्याच्याच गळ्यात. खात्यात कोणी शिरलंय हे त्याला कळतं महिन्याचं बिल फुगल्यावर. बिल हे सगळ्यात उशिरा दिसणारं लक्षण आहे. शिवाय नुसता मेल वाचत बसणारा किंवा फाइली उतरवून घेणारा घुसखोर बिलात जवळजवळ दिसतच नाही.

आधी आपला वावर लिहून काढा

परकं काय ते कळायला आपलं काय ते ठाऊक असावं लागतं. एका शीटवर एवढं लिहा: कोणाकोणाची लॉगिनं आहेत, प्रत्येकाचं काम काय, कोणती ॲक्सेस की (प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी दिलेली किल्ली) कोणत्या प्रोग्रॅममध्ये बसवली आहे, कोणते रीजन, म्हणजे क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरांचे कोणते विभाग, वापरतो (बहुतेकांचं उत्तर फक्त मुंबई), ऑफिसचा ब्रॉडबँड कोणाचा, आणि कामाच्या वेळा. वेळ लिहिताना शिफ्ट विसरू नका. तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्री दोनला स्टोअरच्या माणसाने ईआरपी उघडणं रोजचं आहे. त्याच वेळी क्लाउडच्या ॲडमिन कन्सोलमध्ये कोणी शिरणं रोजचं नाही.

हे लिहिताना एक अडचण हमखास पुढे येते: सगळ्या ऑफिसला मिळून एकच लॉगिन. मालक, अकाउंटंट, वेबसाइट करून देणारा बाहेरचा माणूस, सगळे एकाच नावाने आत येतात. अशा खात्यावर पुढचं काहीही करून उपयोग नाही, कारण लॉगमध्ये (कोणी काय केलं याच्या नोंदींत) सगळी कामं एकाच माणसाच्या नावावर पडतात. आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. रूट खातं (सगळे हक्क असलेलं मूळ खातं) कुलूपबंद करा, म्हणजे लांब पासवर्ड, दुसरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड किंवा मंजुरी), आणि ॲक्सेस की असेल तर ती काढून टाका. वेबसाइटवाल्याला त्याच्या कामापुरती परवानगी पुरते. काम संपून दोन वर्षं झालेल्या माणसाची की अजून चालू असणं हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर यासाठी आयॅममध्ये (युजर आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) क्रेडेन्शियल रिपोर्ट मिळतो. ती एक साधी सीएसव्ही फाइल असते. प्रत्येक युजरचा पासवर्ड शेवटचा कधी वापरला, दुसरी पडताळणी चालू आहे का, प्रत्येक की शेवटची कधी, कोणत्या रीजनमध्ये आणि कोणत्या सेवेसाठी वापरली, हे रकाने तीत असतात. रिपोर्ट चार तासांत एकदाच नव्याने बनतो, म्हणून आत्ता केलेला बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका. बॅकअपसाठी दिलेली की एस३ (फाइलींची साठवण) सोडून ईसी२साठी (भाड्याची मशीनं) वापरली गेली असेल, किंवा मुंबईच्या कीसमोर दुसराच रीजन दिसत असेल, तर तपास तिथून सुरू करा.

नोंदी उरतात किती दिवस

ॲमेझॉनवर क्लाउडट्रेल या नोंदवहीची इव्हेंट हिस्टरी फुकट आणि आपोआप चालू असते, पण ९० दिवसांचीच, आणि प्रत्येक रीजनची वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीत (लॉगिनं सांभाळणारी सेवा) फुकट परवान्यावर साइन-इन लॉग अवघे ७ दिवस राहतात, पी१ किंवा पी२ परवान्यावर ३० दिवस. अझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ॲक्टिव्हिटी लॉग ९० दिवस. गुगल क्लाउडवर ॲडमिन ॲक्टिव्हिटीचा लॉग ४०० दिवस राहतो आणि तो बंद करता येत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. म्हणजे ॲमेझॉन, अझ्युअर आणि एंट्रा या तिन्ही ठिकाणी जे आपोआप मिळतं ते अपुरं पडतं. क्लाउडट्रेलमध्ये एक ट्रेल (नोंदी आपल्या साठवणीत उतरवत राहणारी जोडणी) तयार करा, तो सगळ्या रीजनांना लागू ठेवा, नोंदी मुंबई रीजनमधल्या एस३ बकेटमध्ये (फाइली ठेवायचा डबा) टाका आणि लॉग फाइल व्हॅलिडेशन (नोंदींत कोणी फेरफार केला तर कळण्याची सोय) चालू करा. मॅनेजमेंट इव्हेंटची (युजर, परवानग्या, मशीनं यांच्यावरच्या कृतींच्या नोंदींची) पहिली प्रत फुकट असते. खर्च फक्त बकेटच्या साठवणीचा, आणि छोट्या ऑफिससाठी तो किरकोळ. जमलं तर ही बकेट दुसऱ्या, वेगळ्या खात्यात ठेवा. ॲडमिनचे हक्क मिळवलेला घुसखोर त्याच खात्यातली बकेट पुसू शकतो.

इथे बरेच जण एका गोष्टीत फसतात. एस३मधली फाइल कोणी उतरवली, ही नोंद मॅनेजमेंट इव्हेंटमध्ये येत नाही. ती डेटा इव्हेंटमध्ये येते, आणि डेटा इव्हेंट मुद्दाम चालू करावे लागतात. त्यांचे पैसे पडतात. सगळ्या बकेटांवर नका लावू. ग्राहकांचे आधार, पॅन, कर्जाची कागदपत्रं ज्या एक-दोन बकेटांत आहेत तेवढ्यांवर लावा. गुगलवरही डेटा ॲक्सेसचे लॉग बिगक्वेरी सोडून बाकी सेवांसाठी मुळात बंदच असतात. चोरी झाल्यावर हे चालू करून मागच्या नोंदी मिळत नाहीत.

क्लाउडट्रेल वाचताना

इव्हेंट हिस्टरी उघडली की वर एक फिल्टर आधीच लावलेला असतो: रीड-ओन्ली, फॉल्स. म्हणजे फक्त बदल करणाऱ्या कृती दिसतात. घुसखोर मात्र आधी पाहणी करतो, आणि ती पाहणी या फिल्टरमुळे दडते. तो काढून टाका. इथे एका वेळी एकच फिल्टर आणि कालावधी एवढंच लावता येतं, म्हणून जास्त खोलात जायचं तर यादी सीएसव्हीत उतरवून एक्सेलमध्ये गाळा.

दुसरी खोच रीजनची. आयॅमसारख्या जागतिक सेवांच्या नोंदी नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये पडतात. सगळं काम मुंबईत असलं, तरी नवा युजर कोणी तयार केला हे मुंबईच्या यादीत दिसणार नाही. रीजन बदलून पाहा.

तिसरी खोच वेळेची. मूळ नोंदीत वेळ यूटीसीत (ग्रीनिचच्या जागतिक वेळेत) असते, शेवटी झेड असतो. त्यात साडेपाच तास मिळवा. २०:४७ ही नोंद संध्याकाळची वाटते, पण ती आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची पहाटे २:१७ची असते. याच चुकीमुळे लोक संशयित नोंद "ऑफिस सुटता सुटता कोणीतरी केलं असेल" म्हणून सोडून देतात.

आता एक नमुना घेऊ. समजा, वेबसाइटच्या बॅकअपसाठी दिलेली एकेआयए ने सुरू होणारी की आहे (एकेआयए म्हणजे कायमची की, एएसआयए म्हणजे तात्पुरती). ती रोज रात्री एकला मुंबईत फाइल चढवते, एवढंच तिचं काम. वेगवेगळ्या रीजनांत त्या कीवर फिल्टर लावला आणि सगळी मिळून यादी अशी निघाली: २:१७ला गेट कॉलर आयडेंटिटी, लगेच लिस्ट बकेट्स, मग लिस्ट युजर्स आणि त्यासमोर ॲक्सेस डिनाइड, मग एसईएसचं (मेल पाठवायची सेवा) गेट सेंड कोटा, मग दोन-तीन रीजनांत डिस्क्राइब इन्स्टन्सेस. (कन्सोलमध्ये ही नावं रोमन लिपीत, जोडून लिहिलेली असतात.) बॅकअपची स्क्रिप्ट "मी कोण आहे" असं विचारत नाही. की हाती आलेला माणूस मात्र पहिल्यांदा तेच विचारतो, मग कुठपर्यंत हात पोचतो ते चाचपतो. मेलचा कोटा पाहिला तर स्पॅम पाठवायचा बेत, इन्स्टन्स (भाड्याची मशीनं) पाहिले तर क्रिप्टो नाणी खोदायचा. एकामागोमाग एक येणारे ॲक्सेस डिनाइड ही चांगली बातमी असते: की चोरीला गेली आहे, पण परवानग्या तोकड्या असल्याने तो अजून अडलेला आहे.

त्याच नोंदीत युजर एजंट (कोणत्या प्रोग्रॅमने विनंती पाठवली ते) पाहा. तुमची वेबसाइट पीएचपीची असेल आणि तिथे पायथनचं बोटो३ किंवा कमांड लाइन दिसली, तर की दुसऱ्याच मशीनवर आहे. युजर एजंट खोटा देता येतो, म्हणून तो जुळला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. जुळला नाही तर मात्र नक्की खोदा.

पाहणीनंतर घुसखोर पाय रोवतो. या कृती कोणत्याही वेळी, कोणाच्याही नावाने दिसल्या तरी त्या माणसाला फोन करून विचारा: क्रिएट युजर, क्रिएट ॲक्सेस की, क्रिएट लॉगिन प्रोफाइल, अटॅच युजर पॉलिसी (सोबत ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस असेल तर धावतच), अपडेट अझ्यूम रोल पॉलिसी, स्टॉप लॉगिंग, डिलीट ट्रेल. शेवटच्या दोन्हींना निर्दोष कारण क्वचितच असतं. अझ्यूम रोलवाली नोंद लोक हमखास सोडतात. तिच्यात एखाद्या रोलच्या (तात्पुरते उसने घ्यायच्या हक्कांच्या) विश्वासयादीत अनोळखी १२ अंकी खातं घुसवलेलं असतं, आणि मग सगळे पासवर्ड बदलले तरी तो दरवाजा उघडा राहतो.

कन्सोल लॉगिनच्या नोंदीत दुसरी पडताळणी वापरली की नाही हे लिहिलेलं असतं. रूटचं कोणतंही लॉगिन, आणि पडताळणीशिवायचं कोणतंही यशस्वी लॉगिन, दोन्ही तपासा. अस्तित्वात नसलेल्या नावाने कोणी प्रयत्न केला तर नावाच्या जागी "सुरक्षेसाठी लपवलं" अशा अर्थाचा मजकूर दिसतो. घाईत कोणी नावाच्या रकान्यात पासवर्डच टाकला असेल, तर तो लॉगमध्ये उघडा पडू नये म्हणून ही सोय आहे.

हे सगळं रोज हाताने पाहणं होत नाही. गार्डड्यूटी (संशयित वावर शोधणारी ॲमेझॉनची सेवा) चालू करा. पहिले ३० दिवस फुकट असते, त्यात पुढचा खर्च किती येईल याचा अंदाजही दिसतो. ती रीजनवार चालू करावी लागते. वापरात नसलेल्या रीजनांत तर आवर्जून, कारण चोर तुमची मशीनं जिथे दिसणार नाहीत तिथेच उभी करतो. बजेट अलर्टही लावा, पण त्यावर विसंबू नका. बजेटचे आकडे दिवसातून तीनदापर्यंत ताजे होतात. तेवढ्या वेळात मोठ्या जीपीयू मशीनचं मीटर बरंच पळालेलं असतं. आणि अलर्ट फक्त मेल पाठवतो, मशीन थांबवत नाही. गुगलवरही तसंच.

शहराचं नाव पाहून निष्कर्ष काढू नका

सीमाभागात हा विषय जरा जास्तच त्रास देतो. लॉगमध्ये आयपी पत्त्यासमोर शहर येतं, पण ते शहर माणूस जिथे बसलाय तिथलं असेलच असं नाही. कंपनीने तो पत्ता कुठे नोंदवलाय, तिचं गेटवे कुठे आहे, यावर ते ठरतं. टिळकवाडीतल्या ब्रॉडबँडसमोर बंगळूर किंवा हुबळी दिसू शकतं, मोबाइल डेटासमोर मुंबई. निपाणी-कोगनोळी पट्ट्यात महाराष्ट्राचं सिम वापरणारे पुष्कळ. त्यांच्यासमोर पुणे आलं तर नवल नाही. त्यात भर वीज जाण्याची. लाइट गेली, राउटर बंद पडला, अकाउंटंटने मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं: पाच मिनिटांत एकच माणूस बंगळुरातून मुंबईत पोचला, आणि सिस्टिमने "अशक्य प्रवास" म्हणून लाल दिवा लावला.

म्हणून शहरापेक्षा नेटवर्क कोणाचं ते पाहा. आयपी पत्ता हूइजमध्ये (पत्त्यांच्या नोंदणीचा शोध) टाकला की मालक कंपनी कळते. ओळखीची ब्रॉडबँड किंवा मोबाइल कंपनी असेल तर त्या माणसाला विचारून मोकळे व्हा. पत्ता होस्टिंग कंपनीचा, भाड्याच्या सर्व्हरचा किंवा व्हीपीएनचा असेल आणि लॉगिन माणसाचं असेल, तर शहर बेळगाव दिसलं तरी संशय घ्या. अकाउंटंट सर्व्हर भाड्याने घेऊन मेल उघडत नाही. ऑफिसच्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी घेतला तर हा गोंधळ निम्मा संपतो.

मायक्रोसॉफ्टचा मेल आणि एंट्रा

निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आणि व्यापाऱ्यांना खरा धोका इथे आहे. घुसखोर अकाउंटंटच्या मेलमध्ये शिरतो, काही दिवस बिलांची ये-जा वाचतो आणि ऐन पेमेंटच्या वेळी ग्राहकाला बँक खातं बदलल्याचा मेल पाठवतो.

एंट्राच्या साइन-इन लॉगमध्ये एरर कोड ५०१२६ म्हणजे चुकीचा पासवर्ड. एकाच पत्त्यावरून दहा वेगवेगळ्या युजरांवर एक-एक, दोन-दोनदा ५०१२६ आला तर ते पासवर्ड फवारणीचं काम. मग त्याच पत्त्यावरून एखादं यशस्वी साइन-इन आहे का ते शोधा. ५००१२१ म्हणजे पासवर्ड बरोबर, पण दुसरी पडताळणी फसली. हा एकदा आला तर फोन चार्जिंगला असेल; रात्री लागोपाठ आला तर पासवर्ड फुटलेला आहे असंच धरा. लॉगला वेगवेगळे टॅब असतात, आणि बहुतेक जण पहिलाच पाहतात. चोरलेल्या टोकनवर (लॉगिन झाल्यावर मिळणारा डिजिटल पास) चालणारा वावर नॉन-इंटरॲक्टिव्ह टॅबमध्ये सापडतो, तो उघडा.

नंतर मेलबॉक्सचे नियम तपासा, अकाउंट्स आणि मालकाचे सर्वांत आधी. नुसता टिंब नाव असलेला नियम, इन्व्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेले मेल आरएसएस फोल्डरमध्ये सरकवणारा नियम, बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड: ही घुसखोरीची ठरलेली खूण आहे. ऑडिट लॉगमध्ये न्यू इनबॉक्स रूल शोधलं की नियम कधी आणि कोणत्या पत्त्यावरून झाला ते निघतं. स्टँडर्ड परवान्यावरही हा लॉग १८० दिवस मागे जातो. सोबत दोन गोष्टी पाहा: खात्याला नव्याने जोडलेला फोन किंवा ऑथेंटिकेटर, आणि कन्सेंट टू ॲप्लिकेशन, म्हणजे कोणत्या बाहेरच्या ॲपला मेल वाचायची परवानगी दिली गेली. असं ॲप पासवर्ड बदलल्यावरही मेल वाचत राहू शकतं.

गुगल क्लाउडवर लॉग्ज एक्सप्लोररमध्ये दोनच गोष्टी आधी शोधा: सेट आयॅम पॉलिसी (परवानग्या बदलणं) आणि क्रिएट सर्व्हिस अकाउंट की (प्रोग्रॅमसाठीच्या खात्याला नवी की काढणं). बहुतेक नोंदींत कोणाचा मेल आणि कोणता आयपी हे असतं. आपल्या शीटवर नसलेली सर्व्हिस अकाउंट की दिसली की पुरे.

सापडलं तर कोणत्या क्रमाने

की डिलीट करू नका, आधी इनॲक्टिव्ह करा. आपलीच एखादी सेवा बंद पडली तर पुन्हा चालू करता येते आणि तपासाचा धागाही राहतो. पण तेवढ्याने भागत नाही. त्या कीवरून काढलेली तात्पुरती फेडरेशन टोकनं की बंद झाल्यावरही मुदत संपेपर्यंत चालतात, आणि ती मुदत ३६ तासांपर्यंत असू शकते. म्हणून त्या युजरला एडब्ल्यूएस डिनाय ऑल ही सगळं नाकारणारी पॉलिसी जोडा, आणि रोल वापरला गेला असेल तर त्या रोलची चालू सेशन रिव्होक (रद्द) करा. मायक्रोसॉफ्टवर पासवर्ड बदला, सेशन रिव्होक करा, अनोळखी ऑथेंटिकेटर, नियम आणि ॲप काढा, याच बैठकीत. आधी दिलेलं टोकन तासभर ते दीड तास तग धरू शकतं, तेवढा वेळ लॉग उघडा ठेवून बसा.

मग त्या कीने जे जे तयार केलं त्याची यादी काढा: युजर, की, रोल, मशीन, लॅम्डा (क्लाउडवर चालणारे छोटे प्रोग्रॅम). प्रत्येक रीजन उघडून पाहा. नव्या युजरने पुढे आणखी काय केलं तेही पाहा, साखळी संपेपर्यंत. मशीन बंद करण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट घ्या.

सर्ट-इनला घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे; सगळा तपास संपण्याची वाट पाहायची नसते, हातात असेल ती माहिती पाठवायची. पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग आपली बँक. तक्रार बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात. ठाण्यातलं कामकाज कन्नडमध्ये चालतं, म्हणून सोबत एक पानाचा इंग्रजी तक्ता न्या: तारीख, भारतीय वेळ, यूटीसी वेळ, आयपी, कृती, कोणतं खातं. मूळ लॉग फाइली न उघडता पेन ड्राइव्हवर द्या आणि त्यांचे हॅश (फाइलीचा डिजिटल ठसा) तक्त्याखाली लिहा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली सीएसव्ही मूळ राहत नाही, तारखांचा साचाच बदलतो.

इशारा खरोखर वाजतो का

इव्हेंटब्रिजमध्ये (ठरलेली घटना घडली की नियम चालवणारी ॲमेझॉनची सेवा) रूट लॉगिन आणि आयॅमच्या कृतींचा नियम नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये करा. मुंबईत केलेला नियम आयॅमची नोंद पाहणारच नाही. नियम एसएनएसवर (इशारे पोचवणारी सेवा) पाठवा आणि एसएनएसवर मेल पत्ता जोडा. जोडल्यावर एक खात्री करणारा मेल येतो, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारेपर्यंत इशारे येत नाहीत. अलार्म लावलाय असं समजून बसलेल्या कितीतरी ऑफिसांत घोडं इथेच अडलेलं असतं. पत्ता एकट्या आयटीवाल्याचा नको, मालकाचाही द्या, आणि त्यातला एक तरी या क्लाउडच्या बाहेरच्या मेलवर असू द्या.

मग चाचणी घ्या. गार्डड्यूटीच्या सेटिंगमध्ये नमुना फाइंडिंग तयार करायचं बटण आहे; तिचाही नियम लावला असेल तर काही मिनिटांत मेल यायला हवा, आणि नमुन्यांच्या नावापुढे सॅम्पल लिहिलेलं असतं. रूटचा इशारा तपासायला स्वतः एकदा रूटने लॉगिन करा आणि घड्याळ लावा. मेल दहा-पंधरा मिनिटांत आला नाही तर आधी स्पॅम फोल्डर पाहा, मग एसएनएसची सबस्क्रिप्शन "पेंडिंग" आहे का ते, आणि शेवटी नियमाचा रीजन.